रोज ठरावीक वेळेला जीपीएस लॉक जातोय, टाइम सर्व्हर होल्डओव्हरमध्ये: अँटेना बदलायच्या आधी हे बघा

संध्याकाळी सव्वासहा वाजले की अलार्म. जीपीएस लॉक गेला, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल सुटले, होल्डओव्हर सुरू, म्हणजे घड्याळ आतल्याच स्फटिकावर चालू, मग वीस-पंचवीस मिनिटांनी कुणी हात न लावता सगळं परत जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या साइटच्या टाइम सर्व्हरला, म्हणजे जीपीएसवरून अचूक वेळ घेऊन बाकीच्या यंत्रांना पुरवणाऱ्या डब्याला, हे जवळजवळ दीड महिना चाललं होतं आणि तेवढ्या वेळात आम्ही अँटेना बदलला, केबल बदलली, लाइटनिंग अरेस्टर बदलला, नवीन फर्मवेअर टाकलं, आणि दर वेळी वाटायचं की चला, सुटलो. बदलाबदली सगळी शनिवारी रात्री व्हायची, रविवार शांत जायचा, सोमवारी सव्वासहाला परत अलार्म. बऱ्याच जणांना हाच त्रास होतोय असं दिसतंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. लॉक का जातो ते आधी सांगते, पण खरं महत्त्वाचं नंतरचं आहे, म्हणजे लॉक गेल्यावर तुमचं घड्याळ कशाच्या भरवशावर चालतं ते.

पहिली गोष्ट, काहीही बदलायच्या आधी सात दिवस नुसती नोंद ठेवा. लॉक किती वाजता गेला, किती वाजता आला, मिनिटासकट. कारण जीपीएसचे उपग्रह बरोबर चोवीस तासांनी त्याच जागी येत नाहीत, तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी येतात. म्हणजे आकाशातलं तेच चित्र रोज चार मिनिटं आधी दिसतं. आता समजा तुमच्या अँटेनाच्या एका बाजूला उंच भिंत आहे किंवा पत्र्यावरून सिग्नल परतून येतोय आणि त्यामुळे लॉक जातोय, तर ती वेळ रोज चार मिनिटं मागे सरकेल, आठवड्यात २८ मिनिटं, महिन्यात दोन तास. घड्याळात वेळ तीच राहत असेल तर कारण आकाशात नाही, जमिनीवर आहे. दुपारी ऊन चढल्यावर जात असेल तर अँटेनातला ॲम्प्लिफायर किंवा एखादा कनेक्टर तापतोय. पाऊस आला की जात असेल तर कनेक्टरमध्ये पाणी, दुसरं काही शोधू नका. ही एवढी साधी नोंद आम्ही पहिल्याच आठवड्यात केली असती तर तीन अँटेने वाचले असते, खरंच.

आमची नोंद अशी निघाली: सोमवार ते शनिवार सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान सुरुवात, चार मिनिटांचं सरकणं अजिबात नाही, आणि रविवारी एकदाही नाही. उपग्रहांना रविवार नसतो, म्हणजे हे माणसाचंच काम.

दुसरी गोष्ट, सिग्नलची ताकद बघा. बहुतेक टाइम सर्व्हरच्या वेब पेजवर नाहीतर कमांड लाइनवर उपग्रहानुसार सिग्नल टू नॉइजचा आकडा असतो, चांगल्या ठिकाणी बहुतेक उपग्रह ४० ते ४५ च्या आसपास दिसतात, तीसच्या खाली गेले की लॉक डळमळायला लागतो. लॉक जातो त्या वेळी हे आकडे दर सेकंदाला फाइलमध्ये घ्या. एकेक उपग्रह हळूहळू बाद होत असेल तर अडथळा, सगळे एकदम पाच सेकंदांत ४४ वरून २५ ला आले तर एक तर केबल-अँटेनाचा सप्लाय गेला किंवा कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडतंय. सप्लाय तपासणं सोपं आहे, अँटेनाच्या टोकाला मल्टीमीटर लावा, बहुतेक ठिकाणी ५ व्होल्ट यायला पाहिजेत, तुमच्या मॉडेलला जे लागतात ते. आमच्याकडे व्होल्टेज ठीक आणि आकडे मात्र सगळे एकदम झोपलेले. तिथेच कळलं.

मी त्या दिवशी सहा वाजताच गच्चीवर जाऊन उभी राहिले. सहा सतराला फोनवर मेसेज आला, अलार्म, आणि खाली बघितलं तर शेजारच्या आवारात डिलिव्हरीची एक बंद व्हॅन नुकतीच येऊन लागली होती, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून कागद भरत बसलेला. दुसऱ्या दिवशी तीच व्हॅन, तीच वेळ. वॉचमन काकांच्या गेट रजिस्टरमधल्या नोंदी आमच्या अलार्मच्या फाइलशेजारी ठेवल्या तर दोन-दोन मिनिटांच्या फरकाने जुळत होत्या.

संशय सरळ जॅमरवर गेला, म्हणजे जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करून सिग्नल बुडवणाऱ्या यंत्रावर. असे छोटे जॅमर गाडीतल्या चार्जिंग सॉकेटमध्ये बसतात, मालक गाडीवर ट्रॅकरने नजर ठेवतो ती चुकवायला काही ड्रायव्हर वापरतात. अमेरिकेत नेवार्क विमानतळाशेजारी हेच घडलं होतं, एका माणसाच्या गाडीतल्या जॅमरमुळे विमानतळावरच्या लँडिंगला मदत करणाऱ्या जीपीएस यंत्रणेत व्यत्यय येत होता, २०१३ मध्ये त्याला जवळजवळ ३२ हजार डॉलरचा दंड लावला. पण दर वेळी जॅमरच असतो असं नाही हां. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात २००१ मध्ये अख्ख्या बंदराचं जीपीएस बंद पडलं होतं आणि कारण निघालं बोटींवरच्या टीव्ही अँटेनातले बिघडलेले ॲम्प्लिफायर. त्यामुळे कुणावर बोट दाखवायच्या आधी आजूबाजूला अलीकडे कुठला नवा डिश, रिपीटर, कॅमेऱ्याचा वायरलेस लिंक वगैरे बसलाय का ते पण बघा. आणि जॅमरच निघाला तर ड्रायव्हरशी भांडायला जाऊ नका, बहुतेक देशांत तो बेकायदेशीर आहे, स्पेक्ट्रम बघणाऱ्या सरकारी खात्याला तारीख-वेळेच्या फाइलसकट तक्रार द्या, तेच फिरतं यंत्र घेऊन येतात.

आम्ही तक्रार दिली, आणि उत्तर येईपर्यंत अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला, मध्ये लिफ्टची खोली येईल असा. जॅमर जमिनीवर असतो, उपग्रह डोक्यावर, म्हणून अँटेनाला खालच्या बाजूचं जितकं कमी दिसेल तितकं बरं. तेवढ्याने अर्धे अलार्म थांबले. केबल लांबली तर केबल डिलेचा आकडा सर्व्हरमध्ये बदलायला विसरू नका, साध्या को-ॲक्स केबलला मीटरमागे ५ नॅनोसेकंद धरतात, म्हणजे ३० मीटर वाढली तर दीडशे नॅनोसेकंद तुमची वेळ गुपचूप मागे.

मग कुणीतरी सुचवलं की जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, नाविक (रशिया, युरोप आणि भारताच्या अशाच उपग्रह यंत्रणा) पण घेणारा रीसिव्हर बसवा, म्हणजे एक गेला तर दुसरा. बसवा जरूर, पण तो पर्याय नव्हे हे डोक्यात ठेवा. गॅलिलिओ त्याच १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर आहे, ग्लोनास जरा वर १६०२ च्या आसपास, स्वस्त जॅमर पण एवढा पट्टा सहज झाकतो. जीपीएसचा सिग्नल २० हजार किलोमीटरवरून येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत एका वॅटचे शंभर कोटी कोटी भाग केले तर त्यातला एखादा भाग एवढाच उरतो. कुठल्याही देशाचा उपग्रह असू दे, तेवढ्या उंचीवरून येणारा सिग्नल असाच क्षीण. एखाद्या देशाची यंत्रणाच बिघडली तर हा रीसिव्हर उपयोगी पडतो, उदाहरणार्थ २०१४ मध्ये ग्लोनास काही तास चुकीची माहिती पाठवत होती, २०१९ च्या जुलैत गॅलिलिओ जवळजवळ आठवडाभर बंद होती. खालून कुणी ओरडलं तर सगळे एकत्रच जातात.

आता मुख्य मुद्दा. खरं सांगायचं तर रोजच्या त्या पंचवीस मिनिटांनी आमचं काही बिघडत नव्हतं. सर्व्हरच्या आत ओसीएक्सओ आहे, म्हणजे भट्टीत ठेवलेला क्वार्ट्‌झ, तो तेवढा वेळ आरामात तग धरतो, म्हणून तर दीड महिना आम्ही चालढकल केली. मग एका गुरुवारी ती व्हॅन रात्रभर तिथेच राहिली. चौदा तास. सकाळी आठला घड्याळ सात मायक्रोसेकंदांच्या पुढे सरकलेलं होतं आणि आमच्यावरून वेळ घेणारे मोबाइलचे टॉवर शेजारच्या टॉवरांच्या बोलण्यावर बोलायला लागले. कारण एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं चालतं त्या टीडीडी नेटवर्कला प्लस-मायनस दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहावं लागतं. आणि डॅशबोर्डवर काय दिसत होतं, तर पिवळा दिवा, होल्डओव्हर, ठीक.

होल्डओव्हर किती तास टिकतो हा प्रश्नच चुकीचा आहे, किती मायक्रोसेकंदांपर्यंत किती तास असं विचारायचं. हिशोब साधा आहे, घरी कागदावर होतो. घड्याळाच्या वेगात एक भागिले हजार कोटी एवढी चूक असेल तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८.६ मायक्रोसेकंद जातात. चूक त्याच्या दहाव्या हिश्श्याची असेल तर ०.८६. पण क्वार्ट्‌झचा वेगही रोज थोडा बदलत जातो, स्फटिक म्हातारा होत जातो तसा, आणि ही चूक वेळेच्या वर्गाने वाढते, म्हणजे तास दुप्पट झाले तर चूक चौपट. दिवसाला हजार कोटीत पाच हा बदल असलेला ओसीएक्सओ पहिल्या चोवीस तासांत २१.६ मायक्रोसेकंद सरकतो, आणि चौदा तासांत सात. आमचा आकडा तंतोतंत हाच होता, डेटाशीटमध्ये पहिल्या दिवसापासून छापलेला, कुणी गुणाकार केला नव्हता.

म्हणून आधी तुमची गरज ठरवा. सीसीटीव्ही आणि लॉग फाइलींना काही मिलिसेकंद चालतात, त्यांनी हे सगळं सोडून चांगले तीन-चार एनटीपी सर्व्हर (साध्या नेटवर्कवरून वेळ देणारे) लावावेत, काम झालं. विजेच्या ग्रिडवर फेज मोजणाऱ्या यंत्रांना ५० हर्ट्‌झला साधारण ३१ मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे मोजमापातली एक टक्क्याची सगळी मुभा एकट्या वेळेनेच खाऊन टाकली. लाइनवर फॉल्ट कुठे झाला ते लाटेच्या वेळेवरून शोधत असाल तर एक मायक्रोसेकंद म्हणजे दीडशे मीटर, तेवढं लांब माणूस जंगलात फिरणार.

गरज ठरली की मग पर्याय. आम्ही पहिलं काय केलं तर ओसीएक्सओचा डबा काढून रुबिडियमवाला घेतला. रुबिडियम अणूच्या ठोक्यावर चालतो, क्वार्ट्‌झपेक्षा म्हातारपण फारच सावकाश, नीट शिकलेला असेल तर दिवसाला एखाद मायक्रोसेकंदात राहतो. "नीट शिकलेला" हे महत्त्वाचं: नवीन डबा लावून तासाभरात अँटेना काढून बघाल तर निराशा होईल, त्याला जीपीएसखाली काही दिवस सलग चालू द्या, आणि रॅकसमोरचा एसी रात्री बंद करणारा कुणी असेल तर त्याला आधी समजवा. सीझियम त्याच्याही वर, सेकंदाची व्याख्याच ज्यावर आहे तो, ९,१९,२६,३१,७७० ठोके म्हणजे एक सेकंद, पण तो मोठ्या एक्सचेंजचं काम, प्रत्येक साइटवर ठेवायची गोष्ट नाही.

दुसरं, फायबरवरून पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून एकदम अचूक वेळ पाठवायची पद्धत. दुसऱ्या गावातल्या साइटचा जीपीएस चांगला असेल तर तिथली वेळ फायबरवरून इकडे आणायची, म्हणजे दोन्ही अँटेना एकाच जॅमरखाली येणार नाहीत. मला विचाराल तर बहुतेकांसाठी हाच सगळ्यात उपयोगी पर्याय, पण यात एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो. पीटीपी जायचा वेळ आणि यायचा वेळ मोजतो आणि दोन्ही सारखे आहेत असं धरून निम्मं करतो. सारखे नसले तर फरकाच्या निम्मी चूक सरळ तुमच्या वेळेत, आणि पीटीपीला ती स्वतःहून कधीच कळत नाही. आमच्याकडे एका रात्री जीपीएस आणि पीटीपीमधला फरक अचानक २.४ मायक्रोसेकंदांनी उडाला आणि तिथेच बसला. फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ४.९ मायक्रोसेकंद लागतात, आणि २.४ ही निम्मी चूक, म्हणजे खरा फरक ४.८, म्हणजे एका दिशेचा धागा जवळजवळ एक किलोमीटर लांब झालाय. ट्रान्समिशनवाल्या पोराला फोन केला, तो म्हणाला, "हो मॅडम, काल कट झाला होता, एक धागा दुसऱ्या रूटने फिरवलाय, ट्रॅफिक तर चालू आहे ना?" ट्रॅफिक चालू होती, वेळ चुकीची होती. तेव्हापासून नियम केलाय की जाणारा-येणारा धागा नेहमी जोडीनेच हलवायचा. आणि जीपीएस चांगला असतो तेव्हा त्याच्यावरून या मार्गाची असमानता मोजून पीटीपीमध्ये भरून ठेवायची, म्हणजे जीपीएस गेला की पीटीपी दुरुस्त केलेल्या आकड्यावर चालतो. बऱ्याच सर्व्हरमध्ये हे आपोआप होतं, फक्त चालू करायचं राहिलेलं असतं. मधले सगळे स्विच पीटीपी समजणारे पाहिजेत हे वेगळं सांगायला नको, साधा स्विच गर्दीच्या वेळी पॅकेट थांबवतो आणि सगळा हिशोब पाण्यात. नॅनोसेकंदाच्या आतलं पाहिजे असेल तर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतून निघालेली व्हाइट रॅबिट ही पद्धत आहे, प्रयोगशाळांना लागतं तसं, आमच्या कामाला इतकं नको.

रेडिओचे पर्याय पण आहेत. लाँगवेव्हची वेळ-केंद्रं, जर्मनीचं डीसीएफ७७ ७७.५ किलोहर्ट्‌झवर, अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी ६० वर, जपानचं जेजेवाय ४० आणि ६० वर. साध्या रीसिव्हरवर मिलिसेकंदांची गोष्ट, पण तारीख आणि सेकंद बरोबर आहे का याची उलटतपासणी करायला झकास. ईलोरान याच्या पुढचं, १०० किलोहर्ट्‌झ, जमिनीवरचे प्रचंड ताकदीचे ट्रान्समीटर, सिग्नल इमारतीच्या आत पण मिळतो, मायक्रोसेकंदाच्या आतली वेळ देतो आणि गाडीतला जॅमर त्याचं काही करू शकत नाही कारण तेवढ्या लांब लाटेला अँटेनाच केवढा लागेल. वाईट याचं वाटतं की जीपीएस आहे ना मग हे कशाला म्हणून अमेरिकेने २०१० मध्ये लोरान, म्हणजे ईलोरानची आधीची आवृत्ती, बंद केलं, युरोपातली बहुतेक केंद्रं २०१५ च्या शेवटी गेली. उत्तरेकडून वारंवार जॅमिंग झाल्यावर दक्षिण कोरिया मात्र ईलोरानकडे वळला. तुमच्या भागात असेल तर जरूर घ्या. खालच्या कक्षेतले उपग्रह हा अजून एक मार्ग, इरिडियम नावाचे उपग्रह ७८० किलोमीटरवरच आहेत म्हणून त्यांच्यावरून येणारा वेळेचा सिग्नल जीपीएसच्या हजारपट ताकदीचा पडतो, छताखाली चालतो. उपग्रहच असले तरी जॅमरपुढे बरेच जास्त टिकतात.

एक वेगळी केस पण लिहून ठेवते, कारण तिला अलार्मच येत नाही: लॉक आहे, सिग्नल मस्त, आणि वेळ चुकीची. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना बऱ्याच उपग्रहांवर यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) दुरुस्तीचा आकडा १३ मायक्रोसेकंदांनी चुकीचा गेला, जगभरच्या टाइम सर्व्हरनी तो निमूट मान्य केला. नकाशावरची जागा अजिबात हलली नाही, म्हणून साध्या वापरणाऱ्याला पत्ताच नाही. दुसरी तशीच, तारीख एकदम १९ वर्षं सात महिने मागे गेली तर घाबरू नका, जीपीएसचा आठवड्यांचा मीटर १०२४ ला शून्यावर येतो, एप्रिल २०१९ मध्ये आला होता, जुना रीसिव्हर फर्मवेअरप्रमाणे नंतर कधीही गोंधळतो. या दोन्हीवर उपाय एकच, वेळ तीन वेगळ्या ठिकाणांहून घ्या आणि तिघांची तुलना करा. दोन घड्याळं असली तर कुठलं खोटं ते कळत नाही, तीन लागतात. आमच्याकडे जीपीएस, लांबच्या साइटचा पीटीपी आणि रुबिडियम असे तीन, पण तो पीटीपी पण शेवटी तिकडच्या जीपीएसवरूनच वेळ घेतो, म्हणून ते दोघं एकदम उडाले तर बहुमत न धरता रुबिडियमकडे बघायचं.

जीपीएस वेळेसाठी नाही तर आपण कुठे आहोत ते कळायला वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण ते माझं रोजचं काम नाही. बोगद्यात किंवा गोदामात जीपीएस जातो तिथे मोशन सेन्सरवर विसंबून राहणार असाल तर आधी त्याची चूक गुणून बघा: एक मिली-जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या हिश्श्या) एवढी बारीक चूक असलेला सेन्सर दहा सेकंदांत अर्धा मीटर भरकटतो, मिनिटात जवळजवळ १८ मीटर, पाच मिनिटांत ४४० मीटर. म्हणून गाडीत चाकाचे फेरे आणि नकाशा जोडीला लागतातच. इमारतीत यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ) बीकन लावले तर काही इंचांपर्यंत जागा मिळते, वायफायच्या जायच्या-यायच्या वेळेवरून मीटर-दोन मीटर. विमानांकडे जमिनीवरची डीएमई, म्हणजे रेडिओने अंतर सांगणारी केंद्रं आहेतच, ती याच कारणासाठी अजून चालू ठेवलीत.

आता आमची सध्याची पद्धत. दर तीन महिन्यांनी अँटेनाची केबल आम्ही स्वतः काढतो, आधी सगळ्यांना कळवून, पीटीपी पण त्या सर्व्हरपुरता बंद करून, आणि १, ४, ८ आणि २४ तासांनी त्याचा दर सेकंदाला निघणारा पल्स दुसऱ्या सर्व्हरच्या पल्सशी काउंटरवर मोजून वहीत लिहितो. मागच्या वेळी चोवीस तासांनी ०.९ मायक्रोसेकंद आलं. त्याच्या आधी ०.७ होतं, म्हणून या खेपेला एसीचं वेळापत्रक बघतोय. अलार्मची सूचना पण बदलली, नुसतं "होल्डओव्हर" असं न येता अंदाजे चूक एक मायक्रोसेकंदाला पोचली की फोन वाजतो. ती व्हॅन आता येत नाही, पण आठवड्यातून एखादा अलार्म अजून येतो, रस्त्यावरून जाणारी कुठली तरी गाडी असणार, दोन-तीन मिनिटांचा, आणि तेवढ्या वेळात पल्स वीस-तीस नॅनोसेकंदांपेक्षा जास्त हलत नाही. कुणाकडे सात दिवसांची नोंद असेल आणि कारण लागत नसेल तर वेळा आणि सिग्नलचे आकडे दोन्ही टाका, नुसता अलार्मचा फोटो टाकू नका, त्यावरून काहीच कळत नाही.